डाव्या अंगाची रेघ

खारीच्या केसांचा कुंचला, पिवळा दांडा,
दांड्यावर दातांच्या खुणा, हेल्डुरच्याच.
तार्तूच्या नाट्यगृहात बत्तीस वर्षं
पडद्यांवर जंगलं रंगवली त्यानं.
शिडीवर दोन्ही हात गुंतले की दांडा तोंडात.

एका प्रयोगाला वीज गेली.
विंगेत मेणबत्ती कलंडली, एक केस भाजला
आणि वाकला तो वाकलाच.
तेव्हापासून प्रत्येक फटकाऱ्याच्या डाव्या अंगाला
एक बारीक रेघ, अंतर राखून,
भांडण झाल्यावर बायको चालते तशी,
दोन पावलं लांब,
पण घरी त्याच वाटेनं.

वरच्या मजल्यावरची लीस
संगणकावर चित्रं काढते, फुकटच्या प्रोग्रॅममध्ये.
‘फुकटचा नाही हो,’ ती म्हणते, ‘मोकळा.
आत डोकावता येतं. आवडलं नाही तर बदलता येतं.’
हेल्डुर मान हलवतो.
फुकट म्हटलं की आजही त्याचा हात
खिशातलं पाकीट चाचपतो.

तरी त्यानं काढून दिले
काळ्या शाईचे चाळीस फटकारे.
तिनं ते स्कॅन केले, पांढरं सगळं पुसलं,
दाब, तिरपेपणा, कोरडं पडत जाणारं टोक
जुळवत दोन रात्री जागली.
मग त्याच्या हातात प्लास्टिकचं पेन दिलं.
काचेवर उमटला तो त्याचाच हात,
फक्त थरथर नव्हती.
‘स्थिरता’ नावाच्या चौकटीत
तिनं एक आकडा वाढवला होता, न सांगता.
‘काढ तो,’ म्हणाला.
‘सत्तरी उलटली, त्यात लपवायचं काय?’

परवान्याचा मजकूर एवढाच:
घ्या, वापरा, मोडा, विका.
नाव सांगितलं नाहीत तरी चालेल.
‘आणि परत कधी मिळायचा?’
‘गेलाय कुठे? तुमच्याकडे आहेच की.’
त्यानं वळून बरणीकडे पाहिलं.
होता.

मोन्तेविदेओहून कुणी कळवलं:
डावीकडे फालतू रेघ येते, दोष आहे, काढून टाका.
हायफाँगहून कुणी न्यूयेत:
खबरदार हात लावाल तर,
माझ्या गोष्टीतल्या म्हातारीचे केस
साठ पानं तिच्यामुळेच विस्कटलेत.
लीसनं दोन्ही ठेवले.
सरळ हवा त्याला सरळ, वाकडा हवा त्याला वाकडा.
वाटणी झाली,
आणि कुणाच्याच वाट्याचं कमी झालं नाही.
असली वाटणी हेल्डुरनं
आपल्या भावांत पाहिली नव्हती.

नोव्हेंबर. दुपारी चारला अंधार.
औषधाच्या दुकानात रांग,
भिंतीवर खोकल्याच्या सिरपचं कॅलेंडर:
कोल्हा, बर्फ, बर्चची झाडं,
आणि प्रत्येक खोडाच्या डाव्या अंगाला…
तो पुढे झाला. चष्मा वर केला, पुन्हा खाली.
‘ही रेघ…’
‘कुठली?’ काउंटरवरच्या बाईनं विचारलं.

सांगायचं तरी काय, आणि कुठून?
की मेणबत्ती मार्येच्या हातात होती,
की केस जळल्याचा वास आला तेव्हा
प्रेक्षक टाळ्या वाजवत होते
आणि ती तोंडावर पदरासारखा पडदा ओढून हसत होती?
‘काही नाही,’ म्हणाला. ‘खोकल्याचं द्या.
ते नको. त्याहून स्वस्तातलं.’

घरी पाव फुगून परातीच्या काठाला आला होता.
शाई आता त्या कुंचल्याला सोसत नाही, केस झडतात.
अंडं मात्र चालतं.
त्यानं तो फेटलेल्या अंड्यात बुडवला
आणि पावाच्या पाठीवरून
एकच फटकारा ओढला, टोकापासून टोकापर्यंत.

भट्टीतून निघाला तेव्हा
मधोमध रुंद तांबूस पट्टा, चकचकीत,
आणि डावीकडे, दोन पावलं लांब,
ती.

त्यानं जिन्यात जाऊन लीसला हाक मारली.
गरम आहे तोवर ये, म्हणाला.